शेजारणीचं दुखणं

हेमांगी थोरवेला विचाराल, तर जगातली सगळ्यात दुर्दैवी बाई म्हणजे शेजारीण. गेल्या बारा वर्षांत हेमांगीनं सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत मिळून सातशेच्या वर बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्याअधिक बायकांना स्वतःला कधी काही झालेलंच नव्हतं. क्षय झाला तो शेजारणीला. पांढरा डाग उठला तो शेजारणीच्या अंगावर. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या त्याही तिनंच. सांगणारी बाई मात्र ठणठणीत. “आमचं काय न्हाई हो ताई, देवाच्या दयेनं बरं हाय. पण आमच्या शेजारी एक हाय बघा...” असं म्हणून ती पदर सावरून बसली, की हेमांगी समजायची, आता खरी मुलाखत सुरू झाली.

शेजारीण कोण ते ओळखायचं, पण ओळखलंय हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हा या कामातला पहिला धडा. “ती शेजारीण म्हणजे तुम्हीच ना?” असं एका बाईला तोंडावर विचारणाऱ्या नव्या मुलीला हेमांगीनं दुसऱ्याच दिवशी गावातून परत बोलावलं होतं आणि टंकलेखनाला बसवलं होतं. दुसरा धडा असा, की समोरची बाई अडली तर आपणही काहीतरी द्यावं. “माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं होतं” असं म्हणावं. शेजारणीला मैत्रीण भेटली, की दोघी मोकळ्या होतात.

कराडच्या आरोग्य-संवाद केंद्रात त्या वर्षी अभ्यास चालला होता तो आकडी आणि लग्न या विषयावर. फिट येणाऱ्या मुलींची लग्नं कशी होतात, सासरी कुणाला सांगतात, औषधं कुठं लपवतात. एकसष्ट बायका, एकसष्ट मुलाखती. बुधवारी सकाळी साडेदहाला हेमांगीनं चहाचा कप टेबलावर ठेवला, संगणकाचा पडदा उघडला, आणि अन्वयनं रात्रभरात केलेलं काम बघायला घेतलं. वर दोन ओळी लाल होत्या.

अन्वय म्हणजे केंद्राचं सॉफ्टवेअर. पूर्वी हे काम हातानं चालायचं. मुलाखतीचा शब्दन् शब्द उतरवून काढायचा, मग रंगीत पेनं घेऊन ओळी रंगवायच्या. लाजेच्या ओळी गुलाबी, भीतीच्या निळ्या. या खुणांना कोड म्हणत. पुढं संगणक आले, पण ते नुसत्या कपाटासारखे होते. तुम्ही खुणा करून ठेवा, मागाल तेव्हा गुलाबी ओळी काढून देणार. वाचायचं आणि समजायचं ते माणसानंच. अन्वय स्वतः वाचायचा आणि ऐकायचाही. प्रत्येक वाक्याची तो आकड्यांची एक लांबलचक माळ करी. ज्या दोन वाक्यांचा अर्थ जवळचा, त्यांच्या माळाही जवळच्या. त्याच्या जोडीला आवाज कुठं खाली गेला, श्वास कुठं अडकला, बाई किती सेकंद गप्प बसली, हे सगळं तो मोजून ठेवी.

शेजारीण ओळखायला त्याला हेमांगीनंच शिकवलं होतं. जुन्या मुलाखतींमधले चारशे बारा उतारे तिनं निवडून दिले. कुठली शेजारीण खरी आणि कुठली म्हणजे सांगणारी स्वतःच, हे बायकांनी पुढं आपणहून कबूल केलेलं असायचं. अन्वयनं ते उतारे पचवले आणि महिन्याभरात असं काही शोधून काढलं, की केंद्रप्रमुख देवस्थळी मॅडमनी सगळ्या केंद्राला पेढे वाटले.

ते असं. ज्यानं दुसऱ्याला आलेली फिट पाहिलीय, तो मधलं सांगतो. हातपाय कसे झाडले, डोळे कसे पांढरे झाले, तोंडाला फेस आला, कुणीतरी धावत जाऊन चप्पल आणून हुंगवली. ज्याला स्वतःला फिट येते त्याला मधलं ठाऊकच नसतं, कारण तेव्हा तो शुद्धीवर नसतो. तो आधीचं सांगतो, पोटातून वर चढणारी कळ, तोंडात येणारी चव. आणि नंतरचं सांगतो, चावलेली जीभ, भिजलेला परकर, भोवती वाकून बघणारे चेहरे. शेजारणीच्या गोष्टीतलं मधलं गहाळ असलं, की ती गोष्ट शेजारणीची नसते.

बारा वर्षं या कामात मुरलेल्या हेमांगीच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. तिला त्याची थोडी लाज वाटली होती आणि बरीचशी भीती.

पहिली लाल ओळ अशी होती: ‘म-२७. शेजारीण म्हणजे सहभागी स्वतः. खात्री ९४ टक्के. औषध बंद. उघड्या पाण्याजवळ रोजचं काम. जीविताला धोका.’

दुसरी ओळ तिनं दोनदा वाचली. ‘मुलाखत म-२७, मुलाखतकार. मैत्रीण म्हणजे मुलाखतकार स्वतः. खात्री ९६ टक्के. अकरा वर्षांनंतर अलीकडे झटका. दुचाकी चालवते, मागे लहान मूल. जीविताला धोका.’

हेमांगीनं चटकन पडद्यावरची खिडकी मिटली. खोलीत कुणी नव्हतं, तरी तिनं मागं वळून पाहिलं.

*

मुलाखतकाराचं बोलणं खरं तर अन्वयच्या हिशेबात धरतच नसत. ते धरायला लावलं हेमांगीनं. सहा महिन्यांपूर्वी भर बैठकीत उभी राहून ती म्हणाली होती, “मुलाखत दोघींची असते. आपण काय बोललो ते गाळून बाईचं बोलणं कसं समजणार?” सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे शिकायचं तर कुणी हेमांगीकडून शिकावं.

आणि म-२७ म्हणजे मनाली पिसाळ, बोरजाईवाडीची. वय बावीस, लग्नाला दहा महिने. सासूची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं ट्रेमध्ये तयार करून विकतात. सासू बाजाराला गेलेली असताना हेमांगी गेली होती. पोर हौदाच्या कडेला बसून ट्रे बुडवून काढत होती आणि पंधरा मिनिटं नुसती हो-नाही करत होती. तेव्हा हेमांगी मैत्रिणीवर आली.

“माझी एक मैत्रीण आहे. शाळेत असल्यापासून तिला फिट यायची. घरच्यांनी न सांगता लग्न करून दिलं. ती गोळ्या थायरॉइडच्या डबीत ठेवते. अकरा वर्षं काही झालं नाही. आणि आता मागच्या महिन्यात, लेकीला स्कूटरवर मागं बसवून शाळेत सोडायला जाताना... तोंडाला लोखंडाची चव आली. आणि मग एकदम ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यापुढं होती. मधला रस्ता तिला आठवेना.”

एवढं सगळं बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. सवयीनं सुरुवात केली आणि तोंड थांबलंच नाही. अकरा वर्षांत हे तिनं कुणापुढं उच्चारलं नव्हतं. मैत्रिणीच्या नावावर का होईना, पण बोलून टाकल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की परतताना ती स्कूटरवर गुणगुणत होती.

त्यानंतर मनालीनं शेजारणीची गोष्ट सांगितली. शेजारणीच्या आईनं लग्नाच्या आदल्या दिवशी गोळ्यांचं पाकीट काढून घेतलं, “सासरी पिशवीत घावलं तर नांदवायचे न्हाईत.” तेव्हापासून शेजारणीला दोनदा झालं, दोन्ही वेळा घरात कुणी नव्हतं. “आन तिचं काम पाण्यापाशी असतंय,” मनाली म्हणाली होती, आणि मग बराच वेळ नुसता ट्रे बुडवल्याचा आवाज येत राहिला होता.

*

“तू पाहिलंस ना म-२७?” देवस्थळी मॅडम दारात उभ्या. केंद्र त्यांनीच उभं केलेलं. साठी उलटली तरी जिना धावत चढायच्या.

“पाहिलं.”

“शनिवारी दुपारी बारापर्यंत मुदत आहे. मला वाटतं निरोप जाऊ द्यावा.”

हा नियमही फार जुना नव्हता. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका अभ्यासात एका बाईनं सांगितलं होतं, की शेजारीण कपाटात विषाची बाटली आणून ठेवून बसलीय. ते नीट उतरवून घेतलं गेलं, त्याला ‘नैराश्य’ असा कोड दिला गेला, आणि आठ दिवसांनी ती बाई गेली. त्यानंतर नैतिकता समितीनं ठरवलं: अन्वयला नव्वद टक्क्यांच्या वर खात्री असेल आणि जीव धोक्यात असेल, तर बहात्तर तासांनी कुलूपबंद नाव आपोआप उघडेल आणि निरोप त्या गावच्या आरोग्य केंद्राकडे जाईल. मधल्या वेळात ती बाई आपणहून दवाखान्यात पोचली, तर ओळ मिटेल. किंवा संशोधकानं कारण देऊन आक्षेप घेतला, तर ती मुलाखतच अभ्यासातून बाद होईल. केंद्रातल्या माणसाचं काही निघालं, तर मुदतीपर्यंत ते फक्त त्याला दिसे. मग केंद्राच्या डॉक्टरांना आणि घरच्या माणसाला कळवलं जाई. हेमांगीच्या अर्जावर घरचं माणूस म्हणून नाव होतं, शैलेंद्र थोरवे, पती.

“मॅडम, आरोग्य केंद्राची गाडी त्या वाडीत गेली, की सगळ्या आळीला कळणार,” हेमांगी म्हणाली. “मी तिला सांगितलं होतं, तुझं नाव कुठंही जाणार नाही. उद्या तिला माहेरी आणून सोडली तर?”

“आणि हौदात बुडून मेली तर?”

हेमांगीनं थंड झालेला चहाचा कप बाजूला सारला.

“आक्षेप घ्यायचा तर घे, तुझा अधिकार आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण कारण नीट लिही. एकदा मुलाखत बाद झाली की तिच्यातलं सगळंच जातं, परत मिळत नाही.”

सगळंच जातं. मॅडम गेल्यावर हेमांगीच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. आक्षेप एक आणि मिटणाऱ्या ओळी दोन. त्या पोरीची अब्रू वाचवताना माझीही वाचली तर त्यात माझा काय दोष, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर तिला आवडलं नाही, म्हणून तिनं तो प्रश्न परत विचारला नाही.

*

संध्याकाळी घरी शैलेंद्र कुकरच्या शिट्ट्या मोजत होता आणि सात वर्षांची ओवी जमिनीवर पसरून नकाशा रंगवत होती. शैलेंद्र पाटबंधारे खात्यात होता. बोलायला मोजका, पण घरात कुठल्या डब्यात काय संपत आलंय ते त्याला पक्कं ठाऊक असे.

“तुझ्या थायरॉइडच्या गोळ्या संपत आल्यात,” तो म्हणाला. “उद्या मी औषधांच्या दुकानावरूनच येणार आहे. चिठ्ठी दे, घेऊन येतो.”

“नको, राहू दे. मी आणते.”

“दर वेळी तूच आणतेस. साताऱ्याला जाऊन. इथं मिळत नाहीत का?”

“ती कंपनी इथं नाही मिळत.”

तो मान हलवून परत कुकरकडे वळला. त्यानं विश्वास ठेवला, आणि ते तिला जास्त लागलं. लग्न ठरताना आईनं गळ्याची शपथ घातली होती. पहिली दोन वर्षं ती रोज ठरवायची, की आज सांगू. मग ओवी झाली, मग झटके थांबलेलेच होते, डॉक्टरांनीही गोळी अर्धी केली. तपासणीला जायचं तिनं हळूहळू सोडून दिलं, कारण मेंदूच्या डॉक्टरांच्या दारात ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, पण अकरा वर्षं मूठ आवळून धरली की हातच उघडेनासा होतो.

“आई, उद्या मला पुढं उभं राहू दे ना स्कूटरवर,” ओवी म्हणाली. “मागं बसून काही दिसत नाही.”

“उद्या बाबा सोडतील.”

“परवापण तेच म्हणालीस!”

“ओवी, वाद घालू नकोस,” हेमांगी इतक्या जोरात ओरडली, की शैलेंद्रनं वळून पाहिलं. महिनाभर ती अशीच काहीबाही कारणं काढत होती. रोज जमत नसे. ज्या दिवशी जमत नसे त्या दिवशी ती ओवीला मागं बसवून, जिभेवर लोखंडाची चव येते का ते चाचपत, जीव मुठीत धरून शाळेपर्यंत जायची.

*

शुक्रवारी दुपारी दोनला तिनं आक्षेपाचा फॉर्म उघडला. कारणाच्या चौकटीत लिहिलं: ‘मुलाखतकारानं मुलाखतीत एक काल्पनिक उदाहरण विस्तारानं सांगितलं. त्याच्या प्रभावामुळे सहभागीचं कथन दूषित झालं असण्याची शक्यता आहे.’ वाचून पाहिलं. वाक्य झकास होतं. एक ‘काल्पनिक’ सोडला तर त्यात खोटं काही नव्हतं, आणि समितीत कुणीही त्यावर सही केली असती.

पुष्टीसाठी वेळेचे आकडे द्यावे लागतात, म्हणून तिनं मुलाखत लावली. कानात स्वतःचाच आवाज आला, “माझी एक मैत्रीण आहे...” आणि तिला तो ऐकवेना. तिनं पुढं ढकललं. “तिचं काम पाण्यापाशी असतंय.” मग गप्प. बुडबुड, ट्रे वर, पाणी निथळलं. परत बुडबुड. अन्वयनं खाली लिहिलं होतं: मौन, एकोणीस सेकंद. एकोणीस सेकंद ती पोर पाण्याकडे बघत होती आणि हेमांगी तिच्यासमोर बसून मनात म्हणत होती, छान, मुलाखत चांगली चाललीय.

तिला वाटलं, आपण थुंकावं आपल्यावर. फॉर्म तसाच अर्धवट ठेवून ती उठली.

बोरजाईवाडी चौदा किलोमीटर. एसटी साडेचारला होती आणि तोवर सासू परतली असती, म्हणून तिनं स्कूटरच काढली. वाटेत तिनं दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबून बघितलं, आपण आत्ता कुठं आहोत, मघाशी कुठं होतो, मधलं सगळं आठवतंय ना. आठवत होतं. साखर कारखान्याचं वळण, पूल, मग पिवळी पाटी. मुलाला पाढे म्हणायला लावावेत तसं ती स्वतःला रस्ता म्हणायला लावत होती.

मनाली हिरव्या जाळीखाली मिरचीच्या रोपांवर पाणी मारत होती. हेमांगीला पाहून ती हसली आणि मग हसायची थांबली.

“काय झालं ताई?”

हेमांगीनं सगळं सांगितलं. अन्वय, लाल ओळ, शनिवारचे बारा. “मी तुला शब्द दिला होता आणि तो माझ्या हातात राहिलेला नाही. तुझी शेजारीण...” इथं ती अडखळली, कारण बारा वर्षांत हे वाक्य तिनं कधी पुरं केलं नव्हतं. “ती तूच आहेस, हे त्याला कळलंय.”

“आन तुमाला?”

“मला त्याच दिवशी कळलं होतं.”

मनालीनं नळी खाली ठेवली. ती रडली नाही. “मला बी कळलं हुतं की. तुमची मैत्रीण कोण ती.”

“कसं?” हेमांगीनं विचारलं.

“लोखंडाची चव म्हणालासा. ती दुसरीला कशी कळंल? मला तर परातीवर नख घासल्यावानी वास येतुया आदी. मी घरात कुणाला सांगितलं तर म्हनतील, याड लागलं.” ती थांबली. “तुमी सांगितलं म्हनून तर म्या सांगितलं, ताई. न्हाईतर मी कशाला बोलतीया?”

अन्वयला चारशे बारा उतारे लागले होते. या पोरीला एक वाक्य पुरलं, आणि तिनं ते इतके दिवस पोटात ठेवलं होतं. हेमांगीला एकदम रडू आलं. मनालीनं तिला उलट्या घातलेल्या क्रेटवर बसवलं आणि पाणी दिलं. कोण कुणाची चौकशी करायला आलंय, हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

“मनाली, दोन रस्ते आहेत. उद्या गाडी येईल, नाहीतर तू आधीच दवाखान्यात जायचं. तू गेलीस तर कुणी घरी येणार नाही. मी बरोबर येते. पण घरी न सांगता...”

“न सांगता कुठवर?” मनाली म्हणाली. फाटकाशी टेम्पोचा आवाज झाला. “आत्या आल्या.”

आत्या म्हणजे तिची सासू, शालन पिसाळ. रिकामे ट्रे काखेत मारून ती आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, एका नजरेत रोप जगेल की मरेल ते सांगणारी बाई. हेमांगीनं तोंड उघडायच्या आत मनाली बोलली. उभ्या उभ्या, रोपांकडे बघत, एका दमात, आपलं आणि ताईंचंही.

शालननं ट्रे खाली ठेवले. “तुझ्या आयनं फशीवलं आमाला.”

“व्हय.”

“आन तू दहा म्हैनं माज्या ताटात जेवलीस, एक शबुद बोलली न्हाईस.”

“भ्या वाटलं.”

शालन ट्रे एकात एक बसवू लागली. एक, दोन, तीन, सगळे बसवून झाले, तिनं ते परत सुटे केले आणि परत बसवले. हिनं आत्ता ‘निघ’ म्हटलं, तर या पोरीला स्कूटरवर मागं बसवून नेणंही आपल्या हातात नाही, हे तिला लख्ख दिसलं.

“आमच्या म्हायेरी,” शालन ट्रेकडे बघत म्हणाली, “आमच्या शेजारी एक हुती. लगीन ठरल्याव तिला क्षय निगाला. बानं दाबून टाकलं. सासरी येऊन सा म्हैनं तिनं गोळ्या पिटाच्या डब्यात ठिवल्या. कुणी निजलं की खायाची. गोळीला पिटाचा वास लागायचा, त्यो अजून...” ती थांबली. “खोकला आला की परसात पळायची. सासूला वाटायचं, पोरगी लाजाळू हाय.”

मनाली आणि हेमांगी, दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

“मग ती बाई बरी झाली का?” हेमांगीनं विचारलं, बारा वर्षांच्या सवयीनं, चेहरा अगदी कोरा ठेवून.

“झाली की. काय धाड भरलीय तिला? रोपं इकती आता.” शालननं नाक ओढलं. “मनाली, आजपास्नं हौदाकडं फिरकायचं न्हाई. ट्रे मी भिजवीन. सकाळच्याला नऊला दवाखान्यात जाऊ, मी येती. तुज्या नवऱ्याला मी सांगंन, तू बोलू नगं. आन तुज्या आयशीला मी सोडनार न्हाई, त्ये येगळं.”

मग मात्र मनाली रडली. शालन तिच्या पाठीवर हात न ठेवता नुसती शेजारी उभी राहिली.

हेमांगीनं पर्स उचलली. तिच्या छातीवरचा एक धोंडा उतरला होता, आणि उतरल्यावरच कळलं, की खाली दुसरा आहे. ओळ मिटायला आता आक्षेप लागणार नव्हता. म्हणजे ती मुलाखत राहणार होती, आणि तिच्यातली दुसरी ओळही.

“मॅडम,” शालन म्हणाली. “ही म्हनतीया, तुमाला बी हाय. तुमच्या मालकास्नी ठावं हाय का?”

“नाही.”

“आन ही गाडी तुमी चालवत आलासा?”

हेमांगीनं मान हलवली. शालननं हात पुढं केला, तो ट्रे मागतात तसा, आणि हेमांगीच्या हातून किल्ली कशी तिच्या हातात गेली ते तिलाच कळलं नाही. शालननं ती कनवटीला लावली.

“गाडी जाळीखाली ऱ्हाईल. ऊन लागायचं न्हाई,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

हेमांगी फाटकाशी गेली आणि तिनं शैलेंद्रला फोन लावला. तो कालव्यावर असावा, मागं पाण्याचा आवाज येत होता.

“मला न्यायला येशील का? बोरजाईवाडीला. ओवीला शेजारच्या काकूंकडे सोड.”

“का गं, गाडी बंद पडली?”

“गाडी चांगली आहे.” तिनं डोळे मिटले. जिभेवर काही नव्हतं, फक्त कोरड. “शैलेंद्र, मी थायरॉइडच्या डबीत ज्या गोळ्या ठेवते, त्या थायरॉइडच्या नाहीत. मला फिट येते. शाळेत असल्यापासून. मागच्या महिन्यात परत आली, स्कूटरवर. ओवी मागं होती.”

पलीकडे नुसतं पाणी वाहत राहिलं. हेमांगीनं आयुष्यात हजारो मौनं ऐकली होती, मोजली होती, त्यांना नावं दिली होती. हे रागाचं की भीतीचं, की माणूस कायमचा दूर चालल्याचं, तिला काहीएक सांगता येईना. ती फोन कानाला घट्ट लावून उभी राहिली.

“कुठल्या बाजूचं फाटक?” शैलेंद्रनं विचारलं. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

“पुलावरून येताना डावीकडे. हिरवी जाळी दिसेल.”

“निघालो. गाडीला हात लावू नकोस.”